डेज हवेत, खरेदीची सक्ती नको

हिवाळा सुरू झाला की लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत गॅदरिंगची चर्चा सुरू होते आणि गॅदरिंगच्या आधी तीन-चार दिवस 'डेज' येतात. एक साडीचा, एक टायचा, एक ट्रॅडिशनल, एखादा मिसमॅच. एरवी गणवेशात येणारी मुलं-मुली त्या दिवशी चटकन ओळखू येत नाहीत. शिवलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर टिकली, कुर्ता-धोतर, फेटा, कानावरून बारीक केलेले केस असा सगळा थाट असतो. आठवडाभर आधीपासून मॅचिंगच्या दुकानात गर्दी होते आणि घरोघरी वाद होतात. एक बाजू म्हणते, ही थेरं बंद करा. दुसरी म्हणते, पोरांचे हेच तर दिवस आहेत. दोन्ही बाजूंना डेजमध्ये फक्त मौज दिसते. खरा प्रश्न मौजेचा नाही, त्या मौजेत शिरायला किती पैसे लागतात याचा आहे. डेज राहायला हवेत, पण त्यांतली खरेदीची सक्ती जायला हवी.

ही प्रथा अमेरिकेतल्या हायस्कुलांत 'स्पिरिट वीक' नावाने चालते. तिथे शरद ऋतूत माजी विद्यार्थी आपल्या शाळेत परत येतात, त्यांच्या साक्षीने फुटबॉलचा सामना होतो. असा सामना 1911 मध्ये आपणच पहिल्यांदा भरवला, असं मिसूरी विद्यापीठ सांगतं. सामन्याआधीच्या आठवड्यात एक दिवस रात्रीचा पायजमा घालून यायचं, एक दिवस मैत्रिणीसारखाच पोशाख करून जुळ्यांसारखं दिसायचं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी शाळेच्या रंगाचे कपडे घालायचे. तिथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो. वर्षभर ज्याने-त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे कपडे घालायचे आणि त्या आठवड्यात सगळ्यांनी एकसारखं दिसायचं, अशी ती रीत आहे. आपल्याकडे याच्या नेमकं उलट घडतं. वर्षभर गणवेशाखाली झाकलेली ऐपत आपल्या डेजना चारचौघांत उघडी पडते. प्रथा तीच, पण एका ठिकाणी ती मुलांना जवळ आणते आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यात अंतर पाडते.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यासारख्या कोरडवाहू भागात हे अंतर लहान नसतं. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपर्यंत गणवेश मोफत मिळतो, नववीपासून तो घरच्यांनी घ्यायचा. डेजचा हंगाम येतो तेव्हा सोयाबीनच्या पैशातून आधीची देणी भागलेली असतात आणि अनेक तांड्यांवरचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. आजीजवळ राहून शिकणाऱ्या मुलीने साडी, ब्लाउज, दागिने आणि चपला कुणाकडे मागायच्या? ती काही मागत नाही. त्या दिवशी ती कॉलेजला येत नाही, एवढंच. हजेरीपटावर ती गैरहजर दिसते, पण कारण तिथे लिहिलेलं नसतं. या वयात कपड्याचं मोल काय असतं, हे नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या 'फँड्री' या चित्रपटाने दाखवलं. त्यातल्या जब्याला जीन्सची पँट हवी असते. त्या पँटच्या मागे कुणीतरी आपल्याकडे माणूस म्हणून पाहावं ही भूक असते. तिला चंगळ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग डेज बंदच करावेत, असा पहिला आक्षेप येतो. हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीतलं नाही, असंही त्याला जोडून म्हटलं जातं. पण नटूनथटून चारचौघांत मिरवणं या मातीला नवीन नाही. लोहा तालुक्यातच माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी आणि लावणीसाठी ती प्रसिद्ध आहे. ठेवणीतले कपडे घालून यात्रेला जायचं, बांगड्या भरायच्या, हा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता आहे. डेजने त्या हौसेला फक्त कॉलेजचं आवार दिलं. शिवाय बंदीने हौस मरत नाही. ती मोबाइलच्या पडद्यावर जाते, आणि तिथे तुलना गावातल्या मैत्रिणीशी न राहता साऱ्या जगाशी होते.

मुलींच्या बाबतीत बंदीचा विचार आणखी जपून करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होतं. शेजारच्या परभणी जिल्ह्यात ते 48 टक्के होतं. जिथे सोळा-सतराव्या वर्षी साडी म्हणजे संसाराची खूण ठरते, तिथे त्याच वयाची मुलगी वर्गमैत्रिणींसोबत हौसेने साडी नेसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गणवेश घालून बाकावर बसते. ही गोष्ट क्षुल्लक नाही, ती जपायला हवी. 

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. लातूर पॅटर्नच्या या पट्ट्यात तो जोरात मांडला जातो, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात. वेळेचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून डेज डिसेंबरमध्येच उरकावेत. पण दोन वर्षांच्या रगाड्यातले तीन-चार दिवस काढून घेतल्याने कुणाचे गुण वाढणार नाहीत. तिसरा आक्षेप मुलींच्या फोटोंचा आणि रील्सचा, आणि तो गंभीर आहे. पण त्यावरचा उपाय मुलींचे कपडे आखडणं हा नव्हे. परवानगीशिवाय फोटो काढणाऱ्याला, फिशपाँडच्या नावाखाली कुणाच्या रंगावर, अंगावर किंवा जातीवर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे रोखणं, हा उपाय आहे.

सर्वांत जास्त बदल ट्रॅडिशनल डेमध्ये हवा. आज त्या दिवशी सगळीकडे एकच चित्र दिसतं: नऊवारी आणि फेटा. त्यामुळे परंपराही दुकानातून आणावी लागते. नांदेड जिल्ह्याची परंपरा इतकी एकसुरी कधीच नव्हती. इथल्या तांड्यांवर आरसे आणि भरतकामाने मढलेला बंजारा पोशाख आहे, तो सणा-लग्नात आजही बाहेर निघतो. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याभोवती शिखांची दस्तार आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू घरांची रीत आहे, गावोगाव मुस्लिम घरांची वेगळी, धनगरांच्या खांद्यावर घोंगडी आहे. नांदेडच्या मलमलीचं एकेकाळी नाव होतं आणि उस्मानशाही मिलने शहराच्या कित्येक पिढ्यांना रोजगार दिला. 'तुमच्या घरातला सर्वांत जुना कपडा घालून या आणि तो कुणाचा, कुठे विणला, ते दोन मिनिटं सांगा', असा दिवस ठेवला तर आजीचं लुगडं आणि आजोबांचा पटका कपाटातून बाहेर येतील. खर्च शून्य. आणि बंजारा मुलीला दुसऱ्यांची परंपरा भाड्याने आणावी लागणार नाही, उलट तिच्याच पोशाखाकडे सगळ्यांच्या नजरा वळतील.

हे करायला सरकारी आदेश लागत नाही. प्राचार्यांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. डेजची यादी महिनाभर आधी लावावी. ज्यासाठी काही विकत घ्यावं लागेल असा एकही दिवस यादीत नसावा: एका रंगाचा दिवस, उलटसुलट मोज्यांचा दिवस, घरच्या जुन्या कपड्याचा दिवस, एवढं पुरेसं आहे. आणि गणवेशात येणाऱ्यालाही स्पर्धेत, फोटोत, रंगमंचावर तितकीच जागा असावी. पालकांनीही 'नको' म्हणण्याआधी आपल्या घरातली पेटी एकदा उघडून मुलांना दाखवावी. डेज चांगले झाले की नाही हे फोटोंवरून ठरवू नका. त्या दिवशी वर्गात किती जण गैरहजर होते, ते मोजा.