नांवाचें मोल: म्युनिकची बियर व सांगलीची हळद

शेतमालाचें मोल जसें त्याच्या गुणावर, तसेंच त्याच्या नांवावरहि अवलंबून असतें. याचा बोधप्रद दाखला जर्मनींतील एका काळसर, कडक बियरच्या इतिहासांत सांपडतो. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा आमचा हेतु नाहीं. वाचकांनीं त्यांतील व्यवहार तेवढा पाहावा.

म्युनिकजवळ पाउलानर पंथाच्या यतींचा मठ होता. मांस, दूध व अंडीं त्यांस वर्ज्य असत. ईस्टरपूर्वींच्या दीर्घ उपवासांत पोटाला आधार म्हणून ते जवाची दाट बियर करीत. पेयानें उपवास मोडत नाहीं, अशी समजूत होती. 1634 सालीं शहरांतील बियर करणाऱ्यांनीं त्यांच्याविरुद्ध तक्रार केल्याची नोंद आहे. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करितात, त्याप्रमाणेंच जव भिजवून त्यास मोड आणीत व भट्टीच्या उष्णतेनें वाळवीत. या भाजणीनेंच काळसर रंग येतो. पुढें भरडलेल्या दाण्यांचा गोड रस ऊन पाण्यांत उतरवून, हॉपच्या फुलांसह उकळून, थंड जागीं आंबवीत. या जातीच्या बियरला डोपेलबॉक म्हणतात. आंबण्यापूर्वीं रसांत धान्याचा विरघळलेला अंश शेंकडा 18 भाग तरी असावा, असा तिचा दंडक आहे.

1780 सालीं यतींना उघड विक्रीची परवानगी मिळाली. 1799 सालीं मठ बंद झाला. पुढें झाखर्ल नांवाच्या गृहस्थानें तो धंदा चालविला. 'साल्व्हाटर', म्हणजे तारक, हें तिचें नांव इतकें गाजलें कीं इतर कारखानदारहि तेंच वापरूं लागले. 1896 सालीं नांवाची नोंदणी झाली, तेव्हां त्यांना 'आटर' शेवटीं असलेलीं निराळीं नांवें शोधावीं लागलीं.

आतां आपल्या कृष्णाकांठाकडे पाहूं. सांगलीच्या बेदाण्यास व सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवच्या वाघ्या घेवड्यास 2016 सालीं, आणि सांगलीच्या हळदीस 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु तेवढ्यानें काम संपत नाहीं. प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावी लागते. नोंदणीची मुदतहि दहा वर्षांची असते व ती वेळेवर वाढवावी लागते. जो हें करीत नाहीं, त्याचा अस्सल माल बाजारांत निनांवी ठरतो.

नोंदीइतकाच दंडकहि महत्त्वाचा. मठ गेला, यति गेले, तरी साल्व्हाटर टिकली. कारण नांवामागचा कस राखला गेला. पोत्यावर सांगलीचें नांव घालतांना आंतील हळद पुरती वाळलेली, निवडलेली व निर्भेळ आहे ना, हें आपणच आधीं पाहिलें पाहिजे.