बौद्ध धर्मात पंथ कसे पडले?

बुद्ध एकच, मग थेरवाद, महायान असे पंथ का? वादाची सुरुवात मिठावरून आणि पैशावरून झाली.

बुद्धांनी आपल्यामागे कोणी गुरू नेमला नाही. धम्म आणि नियम हेच गुरू, असे सांगितले. तेव्हा ते लिहिलेले नव्हते, भिक्षू सगळे तोंडपाठ करायचे.

सुमारे १०० वर्षांनी वैशालीत भांडण लागले. वैशाली बिहारात आहे. तिथले भिक्षू शिंगात मीठ साठवायचे आणि जेवण आळणी लागले की टाकायचे. पण भिक्षूने खायचे साठवू नये, असा नियम होता. मला वाटले, मीठ ते केवढे! पण ते काशाच्या भांड्यात पाणी भरून लोकांकडून नाणीसुद्धा मागायचे. यश नावाच्या भिक्षूने आपली वाटणी घेतलीच नाही. मग ७०० भिक्षू जमले. अशा १० गोष्टी चूक ठरल्या. श्रीलंकेच्या ग्रंथात लिहिलंय, की ज्यांना पटले नाही ते वेगळे झाले. ते महासांघिक, आणि जुने ते स्थविर.

पुढे श्रीलंका, ब्रह्मदेशात थेरवाद टिकला. महायान चीन-जपानकडे गेले, तिबेटात वज्रयान. अजिंठ्याला फरक दिसतो. १० नंबरच्या जुन्या लेण्यात पूजेला साधा स्तूप आहे, १९ नंबरमध्ये स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलीय.

मग आम्ही कोणत्या पंथाचे? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात थेरवादी भिक्षू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. पण हीनयान-महायानाच्या वादात आपण पडायचे नाही, हे नवयान, असे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितले होते. आमच्या घरी वंदना मात्र पालीत म्हणतात.