सॅकमधले सर्वांत जड सामान

गडावर जायचे ठरले की आदल्या रात्री सॅक भरण्याचा कार्यक्रम होतो. शिदोरी, टोपी, विजेरी, चिवडा, पेरू असे एकेक आत जाते आणि मग सॅक उचलून पाहिली की खांदा कुरकुरतो. काहीतरी कमी करायला हवे! अशा वेळी हात कशाकडे जातो? पाण्याच्या बाटलीकडे, कारण सर्वांत जड तीच असते.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी आमच्या महाविद्यालयातील मुलांबरोबर राजगडावर निघालो होतो. पायथ्याच्या गुंजवणे गावातच एका धट्ट्याकट्ट्या मुलाने आपल्या दोन बाटल्यांपैकी एक झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकली. चोरदरवाजाच्या अलीकडे तो पांढराफटक पडून खाली बसला. डोके दुखत होते, पोटऱ्यांत गोळे आले होते. त्याला सावलीत निजवले, इतरांच्या बाटल्यांतले पाणी घोटघोट पाजले आणि सगळेच परत फिरलो. बाटली ओतताना त्याने मनाशी काही हिशेब केला असेलच. तो आपण कागदावर मांडून पाहू.

चढ 600 मीटरचा आहे असे धरा. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलोग्रॅम. ते वर नेण्यासाठी गुरुत्वाविरुद्ध करावे लागणारे कार्य 1 × 9.8 × 600, म्हणजे 5,880 ज्यूल. आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा अशा कार्यात लावतात. म्हणून शरीराला प्रत्यक्षात खर्च येतो सुमारे 23,500 ज्यूल. एका लहान ग्लुकोज बिस्किटाच्या तिसऱ्या हिश्श्यातही इतकी ऊर्जा असते. बाटली ओतून त्या मुलाने वाचवले ते एवढेच.

आता दुसरी बाजू. तुमचे वजन 45 किलोग्रॅम आणि सॅकचे 6 किलोग्रॅम समजा. हे 51 किलोग्रॅम 600 मीटर चढवायचे म्हणजे सुमारे 3 लाख ज्यूल कार्य. स्नायूंचा पाव हिश्श्याचा नियम लावला, तर खर्च 12 लाख ज्यूल, आणि त्यातले 9 लाख ज्यूल उष्णता होऊन शरीरातच उरतात. शरीराच्या 1 किलोग्रॅमचे तापमान 1 अंशाने वाढायला सुमारे 3,500 ज्यूल लागतात. भागाकार करून पाहा: ही सारी उष्णता आत कोंडली, तर तापमान साडेपाच अंशांहून अधिक वाढेल. 37 अंशांवरून जवळजवळ 43! तेथे माणसाच्या जिवाला धोका असतो.

तसे होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. त्वचेवरच्या 1 लिटर घामाची वाफ होताना तो सुमारे 24 लाख ज्यूल अप्रकट उष्णता घेऊन जातो. वर नेण्याचा खर्च साडेतेवीस हजार आणि बाहेर नेली जाणारी उष्णता 24 लाख, म्हणजे शंभरपट! पाण्याइतके किफायतशीर ओझे सॅकमध्ये दुसरे नाही. मात्र वाफ झाली तरच हा लाभ. टपकून खाली पडलेला घाम वाया जातो, आणि कोकणाच्या दमट हवेत तर बराचसा असाच टपकतो. शिवाय डोक्यावरचे ऊन आणि तापलेला कातळ उष्णतेत भर घालतात. उन्हाच्या चढावर तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. म्हणून उन्हाळी दिवसासाठी माणशी 3 लिटर पाणी घ्या, आणि घामाबरोबर मीठही जाते म्हणून त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घाला.

पाणी जड, म्हणून ते सॅकमध्ये कोठे बसते याला महत्त्व आहे. सॅकचा गुरुत्वमध्य पावलांच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या 20 सें.मी. मागे असेल, तर तोल सांभाळण्यासाठी तुमच्या शरीराचा गुरुत्वमध्य 6 × 20 ÷ 45, म्हणजे 2.7 सें.मी. पुढे न्यावा लागतो. बाटल्या बाहेरच्या कप्प्यात घालून तेच अंतर 30 सें.मी. केले, की 4 सें.मी. पुढे वाकणे आले, तेही दिवसभर. बाटल्या पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. हलके कपडे बाहेरच्या बाजूला आणि तळाशी. शबनम पिशवी मात्र घरीच ठेवा. अरुंद वाटेवर वळताना ती जडत्वामुळे तुमच्यामागून झोका घेत येते आणि आधीच वळलेल्या तुम्हाला बाजूला ओढते. दरीच्या काठावर ही गंमत नको.

जुलैत हीच अप्रकट उष्णता उलटते. माथ्यावर वारा असतो, अंगातला सुती सदरा चिंब झालेला असतो, आणि त्यातल्या पाण्याच्या वाफेसाठी लागणारी उष्णता आता तुमच्या अंगातून जाते, ती नको असतानाही! त्यातच पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट चांगले उष्णतावाहक. कोरड्या कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब राखते. ओल्या कापडात तिची जागा पाण्याने घेतलेली असते. दात वाजू लागले, बोटे बधिर झाली, की बूट बांधणेही जमत नाही. म्हणून एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, सॅकच्या आत ठेवायचा. सॅकवरून घातलेले आच्छादन पुरत नाही. पाणी पाठीच्या बाजूने झिरपते.

एक प्रयोग शाळेतच करता येईल. एक सुती बनियन आणि एक पॉलिएस्टरचा खेळाचा सदरा घ्या. दोन्ही कोरडे असताना तराजूवर तोला. मग पाण्यात बुडवून, सारखेच पिळून पुन्हा तोला आणि दोरीवर टाकून दर दहा मिनिटांनी वजनाची नोंद करा. कोरड्या कापडाच्या प्रत्येक ग्रॅममागे किती ग्रॅम पाणी राहिले ते काढा. वजन आणि वेळ यांचा आलेख काढला, की पुढच्या सहलीला कोणता सदरा अंगात घालायचा आणि कोणता घरी ठेवायचा, ते त्यावरूनच ठरवा.