उड्या मारणारे आलेख

महाबळेश्वर आणि सोलापूर. पावसाबद्दल बोलायचे तर महाराष्ट्रात याहून ठळक जोडी सापडणे कठीण. एका ठिकाणी एकट्या जुलैत सरासरी 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर दुसरीकडे वर्षभराची बेरीजही 1,000 मिलिमीटरच्या आत राहते. समजा, दोन्हींचे महिनेवार स्तंभालेख एकापाठोपाठच्या दोन स्लाइडवर ठेवले आहेत. पहिली स्लाइड जाते, दुसरी येते. पडद्यावर नेमके काय बदलते? आलेख थोडा खाली सरकतो, जरा रुंद होतो, उभा अक्ष डावीकडे जातो, आधी आडवी असलेली महिन्यांची नावे तिरकी होतात. सर्वांत उंच स्तंभ मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच उंचीचा दिसतो. जो फरक दाखवायचा होता तो सोडून बाकी सगळे बदललेले असते.

सादरीकरणातले आलेख एकाच मापाचे ठेवा, असे कुणी सांगितले की तो टापटिपीचा आग्रह वाटतो आणि घाईच्या वेळी सर्वांत आधी सोडून दिला जातो. तो सोडण्यासारखा नाही. दोन चित्रांमधला बदल डोळा कसा ओळखतो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे, आणि खगोलशास्त्रज्ञांनी तो फार पूर्वी ओळखून कामाला लावला होता.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत 24 वर्षांचा क्लाइड टॉम्बॉ नेपच्यूनपलीकडचा ग्रह शोधत होता. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने छायाचित्रे घ्यायची आणि काचेच्या त्या दोन पट्ट्या ‘ब्लिंक कम्पॅरेटर’ नावाच्या यंत्रात बसवायच्या, असे त्याचे काम. यंत्रात एकाच नेत्रिकेतून कधी पहिली पट्टी दिसते, कधी दुसरी, भराभर आलटून पालटून. दोन्ही पट्ट्या अगदी काटेकोर जुळवलेल्या असतील तर तारे जागचे हलत नाहीत, आणि ज्या ठिपक्याने जागा बदलली आहे तो एकटाच मागेपुढे उडी मारताना दिसतो. 23 आणि 29 जानेवारी 1930 या रात्रींच्या पट्ट्यांवर मिथुन राशीतल्या एका भागात असा ठिपका टॉम्बॉला 18 फेब्रुवारीला सापडला. तो प्लूटो होता. एका पट्टीवर ताऱ्यांची गर्दी प्रचंड असते. ती नजरेने ठिपका ठिपका ताडून पाहायची म्हटले असते तर माणूस थकून गेला असता. पट्ट्या किंचित जरी सरकलेल्या असत्या, तर सगळेच तारे नाचू लागले असते आणि त्या नाचात प्लूटो हरवला असता.

स्लाइड बदलणे म्हणजे हाच प्रयोग, फक्त मोठ्या पडद्यावर. चौकट, अक्ष, शीर्षक, महिन्यांची नावे हे आपले तारे. ते स्थिर राहिले तर जुलैचा स्तंभ खाली कोसळतो तो सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही न सांगता कळतो. तेच हलले तर पाहणाऱ्याचे लक्ष त्यांच्या मागे धावते.

या गोष्टीची दुसरी बाजू 1997 मध्ये रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओरीगन आणि जेम्स क्लार्क यांच्या प्रयोगांतून पुढे आली. एक छायाचित्र आणि त्याचीच थोडी बदललेली प्रत त्यांनी लोकांना आलटून पालटून दाखवली, पण दोहोंच्या मध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ कोरा पडदा ठेवला. बदल चांगले मोठे होते, तरी ते सापडायला लोकांना बराच वेळ लागला. मधला कोरा क्षण काढून टाकल्यावर तोच बदल चटकन दिसे. कारण हालचालीचा संकेत त्या कोऱ्या क्षणात पुसला जातो, आणि मग मेंदूला आठवणीवर विसंबून एकेक वस्तू तपासावी लागते. म्हणून तुलनेच्या दोन स्लाइडच्या मध्ये काळा पडदा आणणारी, पान उलटल्यासारखी किंवा अख्खा आलेख बाजूने सरकवत आणणारी ‘ट्रान्झिशन’ नको. ती कितीही देखणी असो, इथे ती माहिती पुसण्याचे काम करते.

आठवणीची ताकद इथे फार कमी पडते. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी 1997 मध्येच दाखवले की नजरेआड झालेल्या चित्रातल्या जेमतेम चार वस्तू आपण एका वेळी मनात धरू शकतो. बारा महिन्यांचे बारा स्तंभ कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत. त्याआधी, 1984 मध्ये, बेल लॅब्जमधल्या विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी आलेख वाचताना माणूस कुठे किती चुकतो याची मांडणी केली. एकाच मोजपट्टीवरच्या दोन जागा ताडताना चूक सर्वांत कमी होते. त्याखालोखाल येतात वेगवेगळ्या ठिकाणच्या, पण अगदी सारख्या मोजपट्ट्या. लांबी, कोन, क्षेत्रफळ यांचा अंदाज त्यानंतर बिघडत जातो. दोन स्लाइडवर आलेख तंतोतंत एकाच जागी, एकाच मापाचा असेल तर आपण या क्रमवारीच्या वरच्या टोकाला असतो. माप बदलले की प्रेक्षकाला मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करावा लागतो, आणि वक्ता तर तोवर पुढे निघून गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष काम. पॉवरपॉइंटमध्ये आलेख निवडून ‘फॉरमॅट’मध्ये उंची, रुंदी आणि स्लाइडवरची आडवी-उभी जागा आकड्यांत भरता येते. कोपरा धरून ओढण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी अडचण इथून सुरू होते. आपण जे माप देतो ते बाहेरच्या चौकटीचे. डोळा तुलना करतो ती आतल्या चौकटीची, म्हणजे अक्षांनी वेढलेल्या आणि ज्यात स्तंभ उभे राहतात त्या भागाची. तिचे माप सॉफ्टवेअर स्वतःच ठरवते आणि प्रत्येक आलेखात वेगळे ठरवते. महाबळेश्वरच्या अक्षावर ‘2,500’ लिहायला जास्त जागा लागते, सोलापूरच्या ‘200’ला कमी, तेवढ्याने उभा अक्ष सरकतो. सूचीतले एखादे नाव लांब असले की उजवी कड आत येते. शीर्षक दोन ओळींचे झाले की सगळे खाली दबते. बाहेरची चौकट मिलिमीटरपर्यंत जुळलेली असूनही आतले आलेख उड्या मारतात ते यामुळे, आणि करणाऱ्याला आपले काय चुकले ते कळत नाही.

उपाय असा: आतला भाग, ज्याला तिथे ‘प्लॉट एरिया’ म्हणतात, एकदा निवडून हाताने जागेवर बसवायचा. मग सॉफ्टवेअर त्याचे माप आपल्या मनाने ठरवणे थांबवते. त्यानंतर नवा आलेख नव्याने घालायचा नाही. अख्ख्या स्लाइडची प्रत काढायची आणि फक्त आकडे बदलायचे. आलेख आधीच पन्नास असतील तर छोटा मॅक्रो लिहून प्रत्येकाच्या आतल्या भागाची डावी कड, वरची कड, रुंदी आणि उंची एकसारखी करता येते. त्यासाठी ‘इनसाइडलेफ्ट’, ‘इनसाइडटॉप’, ‘इनसाइडविड्थ’, ‘इनसाइडहाइट’ असे चार गुणधर्म दिलेले आहेत. शीर्षक मात्र आलेखाच्या आत न ठेवता स्लाइडच्या शीर्षकाच्या जागी लिहावे, म्हणजे त्याची लांबी आलेखाला ढकलत नाही.

पायथॉनमध्ये आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण थोडी वेगळी. मॅटप्लॉटलिबमध्ये चित्र साठवताना ‘टाइट’ हा पर्याय वापरला की कडेची कोरी जागा कापली जाते, आणि ती किती कापली जाईल हे अक्षावरच्या अक्षरांवर ठरते. प्रत्येक फाइल वेगळ्या मापाची निघते, आणि मग ती स्लाइडवर ओढूनताणून बसवली जाते. आर भाषेतल्या ‘पॅचवर्क’ या पॅकेजमध्ये तर वेगवेगळ्या पानांवर जाणाऱ्या आलेखांची आतली चौकट जुळवून देण्याची खास सोय आहे. ती कुणाला तरी मुद्दाम लिहावीशी वाटली, यावरून ही गरज किती खरी आहे ते समजते.

चित्र ओढताताणताना आणखी एक नुकसान होते. रुंदी तीच ठेवून उंची वाढवली की प्रत्येक चढ अधिक उभा दिसतो, आणि संथ वाढ झेप वाटू लागते. 4:3 च्या जुन्या फाइलमधले आलेख 16:9 च्या स्लाइडवर ताणून भरले की याच्या उलट होते. चढ चपटे होतात. आकडा एकही न बदलता निष्कर्ष बदलतो.

आणि तरीही, आकार जुळवणे पुरेसे नाही. सगळे माप तंतोतंत जुळवले, पण उभे अक्ष सॉफ्टवेअरवर सोडले, तर परिस्थिती आधीपेक्षा वाईट होते. वेडेवाकडे बसलेले दोन आलेख पाहून प्रेक्षक निदान सावध तरी राहतो. एकसारखे, शिस्तीत बसलेले दोन आलेख ‘आमची तुलना करा’ असे सांगत असतात, आणि अशा वेळी एकाचा अक्ष 2,500 पर्यंत व दुसऱ्याचा 200 पर्यंत असेल तर सोलापूरचा सप्टेंबर महाबळेश्वरच्या जुलैच्या बरोबरीला जाऊन उभा राहतो. अक्षावरचे बारीक आकडे खरेच असतात. पण ते वाचायच्या आधीच डोळ्याने निकाल दिलेला असतो. सारख्या आकारासोबत सारख्या मोजपट्टीची जबाबदारी येते, ती टाळता येत नाही.

अक्ष सारखा केल्यावर सोलापूरचे स्तंभ जमिनीला चिकटतात आणि तिथला पाऊस कोणत्या महिन्यात जास्त पडतो ते दिसेनासे होते, ही तक्रार मात्र रास्त आहे. किती पाऊस आणि कधी पाऊस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच आलेखात कोंबण्याचे कारण नाही. पहिल्या दोन स्लाइड एका मोजपट्टीवर ठेवाव्यात. तिसरी फक्त सोलापूरची, स्वतःच्या अक्षावर असावी. ती वेगळ्या मापात आणि वेगळ्या रंगात काढावी, आणि अक्ष बदलला आहे हे तिच्या शीर्षकातच मोठ्या अक्षरांत लिहावे.