भंडारा लाखाचं कधी होणार?

जिल्ह्यात लाखनी आहे, लाखांदूर आहे. पण लाखाच्या वस्तीचं शहर एकही नाही. 2011च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या 91,845 भरली. लाखाला 8,155 कमी. जनगणनेच्या हिशेबात लाखापासून पुढचं शहर पहिल्या वर्गाचं, म्हणून भंडारा उंबरठ्यावरच राहिलं. 2021ची मोजणी झालीच नाही. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर शहरात माणसं किती, या प्रश्नाला अंदाजाचंच उत्तर आहे.

हा अंदाज सगळ्यात आधी लागतो तो पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला. टाकी आणि पाइप आजच्या लोकांपुरते टाकून चालत नाहीत, पुढची 30 वर्षं धरावी लागतात. त्याच्या हाताशी दोन जुन्या पद्धती असतात. 2001ला भंडाऱ्यात सुमारे 85 हजार लोक होते, म्हणजे दहा वर्षांत साधारण 6,800ची भर पडली. दर दशकात तेवढीच भर धरली, की झाली अंकगणिती पद्धत. तिच्या हिशेबाने शहर 2023च्या सुमारास लाख ओलांडतं आणि 2041ला 1 लाख 12 हजारांवर पोचतं. दुसरी भूमितीय, म्हणजे चक्रवाढ व्याजासारखी. दशकाला शेकडा 8 धरले तर 2041ला 1 लाख 16 हजार. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली की आपल्याला वाटतं, हिशेब बरोबर. खरं तर दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: काल जे झालं तेच उद्या होणार.

या गृहीतकाने भल्याभल्यांना फसवलं आहे. 1920मध्ये पर्ल आणि रीड या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या लोकसंख्येचा सुरेख वक्र काढला आणि ती 19 कोटी 70 लाखांच्या आसपास स्थिरावेल असं सांगितलं. 1960चं दशक सरायच्या आत देशाने तो आकडा मागे टाकला.

म्हणून आता लोकसंख्याशास्त्रज्ञ आकडा एकगठ्ठा पुढे ढकलत नाहीत, तो वयोगटांत फोडतात. आज दहा-चौदा वर्षांच्या मुली किती, त्या विशी-पंचविशीत आल्यावर मुलं किती होतील, म्हातारे किती जातील. पॅट्रिक लेस्ली यांनी 1945मध्ये हा हिशेब आकड्यांच्या चौकटीत बसवला. देशासाठी, राज्यासाठी तो चांगला चालतो. महाराष्ट्रात 2019-21च्या पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुलं होती. पिढीची जागा पिढीने भरून काढायला 2.1 लागतात. पाळण्याचं गणित असं बरंचसं आधी कळतं. शहराच्या बाबतीत घोडं अडतं ते येण्या-जाण्यावर.

अमेरिकेच्या फ्लोरिडातला ‘द व्हिलेजेस’ हा महानगर-विभाग बघा. 2010मध्ये तिथे 93,420 लोक होते, म्हणजे जवळपास आपल्या भंडाऱ्याएवढेच. 2020ला 1,29,752 झाले. दहा वर्षांत 39 टक्के, त्या दशकात अमेरिकेतल्या महानगर-विभागांत सगळ्यात वेगवान वाढ. हा भाग निवृत्तांच्या वसाहतीचा, पाळणे तिथे कमीच हलतात. वाढ झाली ती ऊन आणि निवांतपणा शोधत आलेल्या म्हाताऱ्यांमुळे.

भंडाऱ्यात पारडं उलट आहे. 2001 ते 2011मध्ये राज्य 16 टक्क्यांनी वाढलं, शेजारचा नागपूर जिल्हा 14 टक्क्यांवर, आणि भंडारा जिल्हा 5.65. म्हणजे 64,188 माणसं. जन्म-मृत्यूंमधला फरक राज्याच्या सरासरीपेक्षा बराच कमी धरला तरी वाढ याहून जास्त दिसायला हवी होती. उरलेली माणसं गेली कुठे, ते धानाच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. रोवणी आणि कापणी सोडली तर बांधीत वर्षभराचं काम नाही. पोरगं शिकायला नागपूर-पुण्याला गेलं की दिवाळीलाच दिसतं. मोजणीचा नियम नेहमीच्या राहत्या जागेचा, त्यामुळे ते पुण्याच्या खात्यात जमा होतं.

पण सकाळी बसस्टँडवर नागपूरच्या गाडीत जागा धरायला धावणारा अपडाऊनवाला भंडाऱ्याचाच मोजला जातो. तो पगार नागपुरात घेतो, झोपतो इथे. उद्या नागपुरातलं घरभाडं परवडेनासं झालं तर असे लोक वाढतील. जाण्या-येण्याला कंटाळून त्याने तिकडेच फ्लॅट घेतला तर घटतील. एकच महामार्ग माणसं आणतोही आणि नेतोही. कोणतं पारडं जड होईल हे मागच्या आकड्यांवरून कळत नाही.

शिवाय शहर म्हणजे नेमकं कुठवर? भंडारा रोड स्टेशन आहे वरठीला, पोलाद कारखानाही तिथेच, आयुध निर्माणी जवाहरनगरला. शहर वाढवणाऱ्या या गोष्टी नगरपालिकेच्या रेषेबाहेर पडल्या. गणेशपूर, खोकरला, बेला इथले लोक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला भंडाऱ्यातच येतात. 2011च्या मोजणीत मात्र ते 91,845मध्ये नव्हते. त्यांना धरलं असतं तर लाखाचा प्रश्न बहुधा तेव्हाच निकालात निघाला असता. जगभर कित्येक शहरांची ‘वेगवान वाढ’ अशी हद्दवाढीच्या एका आदेशातून झालेली असते.

आणि वाढ एकाच दिशेने जाते असंही नाही. वैनगंगेकाठी पवनीत 1969-70च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. त्या काळी ते या भागातलं मोठं नगर होतं. 2011मध्ये तिथे पाव लाखही लोक नव्हते.

येत्या मोजणीसाठी देशभरातल्या प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025ला गोठवण्याचं ठरलं. माझा अंदाज विचाराल तर जुन्या हद्दीतलं भंडारा लाख ओलांडेल, पण जेमतेम. खरी वाढ दिसेल ती कडेच्या गावांत, जिथे कालच्या बांधीत आज प्लॉटचे दगड रोवलेले आहेत.