सागरी मत्स्यपेटीची गाळणटाकी : आवाज, तुषार आणि प्राणवायू

सागरी मत्स्यपेटीखालच्या गाळणटाकीतून अहोरात्र येणारा खळखळाट हा पाण्याचा आवाज आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः तो हवेचा आवाज आहे. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ज्या हवेमुळे खळखळ होते तिचाच काही अंश पाण्यात विरघळून माशांच्या श्वसनास उपयोगी पडतो. त्यामुळे आवाज बंद करण्याचे पुष्कळसे प्रयत्न नकळत प्राणवायू तोडण्याचे प्रयत्न ठरतात.

जुन्नरसारख्या गावी हा प्रश्न किनाऱ्यापेक्षा अधिक नाजूक होतो. 1951 साली सुरू झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय समुद्रालगतच उभारले गेले. जुन्नर मात्र नाणेघाटाच्या वरच्या अंगास, समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल या घाटाने वर चढे. समुद्राचे पाणी काही चढत नाही. तेव्हा येथे सागरी मासे ठेवावयाचे तर दर लिटर गोड्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षारमिश्रण विरघळवून समुद्र घरीच तयार करावा लागतो. दुसरी अडचण हवेची. या उंचीवर वातावरणाचा दाब किनाऱ्याच्या सुमारे 92 टक्के भरतो आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. 25 अंश सेल्सिअस तापमानास संपृक्त गोड्या पाण्यात समुद्रसपाटीवर लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.75 आणि तेच खारे पाणी जुन्नरला आणले तर सुमारे 6.2. माशाच्या वाट्याची शिल्लक मुळातच थोडी आहे.

आता या टाकीची रचना पाहू. काचेच्या मुख्य टाकीच्या कडेला एक छोटा सांडवा असतो. त्यावरून आलेले पाणी उभ्या नळीने खालच्या कपाटातील गाळणटाकीत उतरते, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर जाते. शौकीन लोक या खालच्या टाकीस 'संप' म्हणतात. मराठीत हा शब्द काम बंद पाडण्यासही लावतात, पण येथे मात्र क्षणभरही काम थांबून चालत नाही. तासाला 2000 लिटर पाणी एक मीटर खाली येत असेल, तर त्यात सुमारे साडेपाच वॅट शक्ती खर्च होते. तिचा अत्यल्प अंश ध्वनीत रूपांतरित होतो, तरी शांत खोलीत तो झोपमोड करण्यास पुरतो.

हा ध्वनी नेमका कोठे जन्मतो? वर्दिंग्टन यांनी 1908 च्या आपल्या ग्रंथात पडणाऱ्या थेंबाची क्षणचित्रे देऊन उसळीचे टप्पे दाखविले. आवाजाचे गणित मिन्नार्ट यांनी 1933 मध्ये मांडले. पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा स्प्रिंगेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्याची कंपनसंख्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदास सुमारे 3,300 कंपने करतो. तीन मिलिमीटरचा सुमारे 1,100. मनुष्याचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात हे बुडबुडे बोलतात. केंब्रिज येथे 2018 मध्ये झालेल्या प्रयोगांतही असे आढळले की थेंबाचा आघात स्वतः जवळजवळ नीरव असतो. टपकण्याचा नाद खाली अडकलेल्या बुडबुड्याचा असतो. पाण्यात साबण मिसळला असता तो नाद नाहीसा झाला. मासे पाळणाऱ्यास हा उपाय अर्थातच वर्ज्य आहे.

खाऱ्या पाण्याची तऱ्हा आणखी निराळी. गोड्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व चटकन वर येतात. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे हे मिसळणे अडते आणि बारीक बुडबुड्यांचा दुधाळ ढग तयार होतो. तो पंपातून वर मुख्य टाकीत पोचतो. जे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात ते सूक्ष्म तुषार कित्येक सेंटीमीटर वर फेकतात. समुद्रावरील हवेत मीठ येते ते याच क्रियेने. कपाटात हेच तुषार झाकणावर, भिंतीवर व विजेच्या जोडण्यांवर सुकून मिठाचे पापुद्रे धरतात. बाष्पीभवनाने केवळ पाणी जाते, ते गोड्या पाण्याने भरून काढता येते. तुषाराबरोबर मीठही जाते. हा फरक लक्षात न घेता दररोज गोडे पाणीच ओतत गेल्यास क्षारता हळूहळू उतरते. विजेच्या जोडणीवरील मिठाचा धोका वेगळा सांगावयास नको.

माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणे जवळ असल्याने सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याचा वेग मोडणाऱ्या कुंडाचे उदाहरण येथील अभ्यासकास सहज सुचेल. ते अर्धेच लागू पडते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत सांडव्यांच्या लहान प्रतिकृतींवर प्रयोग होतात. परंतु प्रतिकृती लहान झाली तरी पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही, म्हणून प्रवाहात हवा किती मिसळेल हे प्रतिकृती खरेपणाने सांगत नाही. गाळणटाकी म्हणजे छोटे धरण नव्हे. येथे वेग मोडण्यापेक्षा हवा नळीत शिरू न देणे महत्त्वाचे.

त्याचा मार्ग सोपा आहे. नळी अर्धी पाण्याने व अर्धी हवेने वाहते तेव्हा ती कधी भरून वक्रनळीप्रमाणे ओढू लागते, कधी हवा गिळून थांबते. गुडगुड होते ती या चढउताराने. नळीच्या खालच्या अंगास गेट व्हॉल्व्ह बसवून तो बेताने आवळला, तर वर पाणी साचून नळी पूर्ण भरते आणि हवेस वाव राहत नाही. मोकळ्या नळीत एक मीटर पडणारे पाणी सेकंदास 4.4 मीटर वेगाने आदळते; आतून 25 मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या नळीत तासाला 2000 लिटर वाहताना वेग केवळ 1.1 मीटर राहतो. नळीचे तोंड पाण्याखाली दोन-तीन सेंटीमीटर बुडवावे. अधिक बुडविल्यास प्रवाह सुरू होताना आतली हवा बाहेर पडत नाही. उरलेले बुडबुडे खाली-वर अशा आळीपाळीने लावलेल्या काचांमधून पाणी वळविले की वर येऊन सुटतात. नळीच्या तोंडाशी कापडी पिशवी बांधण्याची रीतही आहे, परंतु ती लवकर तुंबते. पंपाची घरघर ही निराळी बाब असून तिला रबरी बैठक पुरते.

येथवर आवाज गेला, पण त्याबरोबर खालचे वायुवीजनही गेले. ते मुख्य टाकीत भरून द्यावे लागते. पंपाची तोंडे पृष्ठभागाकडे वळवून पाणी डहुळते ठेवावे, सांडव्यावरून तेलकट साय सतत निघू द्यावी आणि फेस काढणारे यंत्र खोलीबाहेरची हवा घेईल असे पाहावे. रात्री झोपेसाठी पंप मंद करणे ही सर्वांत वाईट काटकसर होय. रात्री शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालू राहते आणि पहाटे टाकीतील प्राणवायू नीचांकी असतो.

दुसरी चूक गाळणटाकीची पातळी वाढवून पडझडीची उंची कमी करण्याची. आवाज त्याने खरोखर घटतो. परंतु वीज गेली की सांडव्याच्या काठापर्यंतचे पाणी खाली येते. 120 सेंटीमीटर लांब व 45 सेंटीमीटर रुंद टाकीत तीन सेंटीमीटरचा थर म्हणजे 16 लिटरांहून अधिक पाणी होय. शिवाय पंपाच्या नळीतून उलटे उतरणारे वेगळे. तेवढी रिकामी जागा खाली राखलीच पाहिजे.

भरलेल्या नळीचा दोष असा की गोगलगाय किंवा शैवालाचा गुंता तिच्या तोंडाशी अडकला तर पाण्यास वाट उरत नाही. म्हणून थोड्या अधिक उंचीवर दुसरी, एरवी कोरडी राहणारी नळी ठेवतात. तिचे खालचे तोंड मात्र पाण्यात बुडवीत नाहीत, मुद्दाम मोकळे सोडतात. मुख्य नळी तुंबून दुसरीतून पाणी पडू लागले की कपाटात खळखळाट सुरू होतो आणि झोपलेला मनुष्य जागा होतो.