रंगाचा फवारा आणि आपले घर

धारवाडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना येथील घरांच्या रंगाची कथा निराळी सांगावयास नको. जूनमध्ये सुरू झालेली रिपरिप तीन-चार महिने पुरते. भिंतींवर हिरवट ओल धरते, खिडक्यांच्या गजांवर तांबेरा चढतो, लाकडी दारे फुगून चौकटीत अडकू लागतात. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास हुबळी-धारवाडच्या घराघरांतून एकच विषय निघतो : यंदा रंग काढावयाचा की नाही? अलीकडे या प्रश्नाला एक उपप्रश्नही जोडला गेला आहे. हातात धरावयाचे, विजेवर चालणारे रंगाचे फवारयंत्र दुर्गदबैलाच्या बाजारापासून घरपोच येणाऱ्या खोक्यांपर्यंत सर्वत्र मिळू लागल्यामुळे घरातील तरुण मंडळी म्हणतात, "रंगारी कशाला? आपणच मारू!"

आमच्याही घरी गेल्या दिवाळीपासून असे एक यंत्र आहे. पुतण्याने ते आणले, आणि शाळेच्या सुट्टीत त्याचा पुष्कळसा वापर आमच्या देखत झाला. त्यावरून बनलेली मते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फवाऱ्याने रंग देण्याची कल्पना मात्र आजची नव्हे. १८९३ साली शिकागो येथे जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या प्रचंड इमारती वेळेत पांढऱ्या करण्याचे काम ब्रशाने होणे अशक्य दिसू लागले, तेव्हा तेथील रंगप्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनी दाबाखालील हवेने रंग उडविण्याची युक्ती योजली. त्या शुभ्र नगरीच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेतच स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, हे आपण सारे जाणतो. त्या शुभ्रतेमागे फवारा होता हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९२० नंतरच्या दशकात मोटारींसाठी झटपट वाळणारा 'ड्युको' हा रंग निघाला. तो इतक्या लवकर वाळे की ब्रश फिरविण्यास उसंतच मिळेना, आणि फवाऱ्यावाचून गत्यंतर उरले नाही. आपल्याकडील सुतार व रंगारी आजही लाकडावरील कोणत्याही गुळगुळीत फवारकामाला 'ड्युको' म्हणतात, त्याचे मूळ हे.

घरगुती यंत्राची रचना सोपी आहे. आत एक विजेची मोटार पंख्याने पुष्कळ हवा फेकते. ही हवा विपुल असते, पण तिचा दाब कमी. खाली सुमारे एक लिटरचा डबा असतो. त्यातील रंग तोटीशी येतो आणि हवेच्या झोताने त्याचे तुषार होतात. दाब कमी असल्यामुळे रंग वस्तूवर आपटून परत उडत नाही. चांगल्या कमी-दाबाच्या यंत्रातून निघालेल्या रंगापैकी सुमारे ६५ टक्के तरी वस्तूवर बसावा, अशी अपेक्षा धरली जाते. उरलेला कोठे जातो? तो हवेत, जमिनीवर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर आणि आपल्या छातीत जातो. भिंतीला भिंत लागून असलेल्या आमच्या जुन्या गल्ल्यांत हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या जातीच्या यंत्रात हवा नसतेच. रंगच प्रचंड दाबाने बारीक छिद्रातून बाहेर ढकलला जातो. त्याची धार बोटावर आली तर कातडी भेदून रंग आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही. पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. असले यंत्र घरात मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता उपयोगाचे पाहू. सपाट, मोठ्या भिंतीसाठी हे लहान यंत्र आम्हांस फारसे उपयुक्त वाटले नाही. डबा वारंवार भरावा लागतो, हात भरून येतो, आणि साध्या रोलरने तेच काम बिनबोभाट होते. चुन्याच्या सफेदीसाठी तर ते मुळीच वापरू नये. चुन्याची कणी तोटीत अडकते आणि तिला झिजविते. फवाऱ्याची खरी शोभा दिसते ती ब्रश जेथे हरतो तेथे : वेताच्या खुर्च्या, खिडक्यांचे गज, जाळीचे दार, झोपाळ्याच्या कड्या, झडपांच्या फळ्या, आणि आजोबांच्या काळचे लोखंडी कपाट. आमचे असे एक कपाट एका सकाळी नव्यासारखे झाले, त्याचे कौतुक अजून ओसरलेले नाही.

पण 'एका सकाळी' म्हणताना त्याआधीचे दोन दिवस हिशोबात धरावयास हवेत. कपाट धुणे, तांबेरा घासणे, खळगे लांबीने भरणे, पुन्हा घासणे, अस्तराचा हात देणे, मुठी आणि कुलपे कागदाने झाकणे, भोवतालची जमीन व भिंत प्लास्टिकने आच्छादणे. प्रत्यक्ष फवारणी अर्ध्या तासाची! (झाकण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे वापरावीत, प्रस्तुत मासिकाचे जुने अंक वापरू नयेत, अशी संपादकांच्या वतीने आमचीच विनंती.) आमच्या घरी वर्षानुवर्षे येणारे एक वयस्क रंगारी हा सारा खटाटोप ओट्यावर बसून पाहत होते. ते कानडीत म्हणाले, "नोडरी सर, रंग मारायला यंत्र आले. घासायला कोणते यंत्र आणले?" प्रश्न मार्मिक होता. त्या यंत्राने त्यांची रोजी बुडेल अशी आम्हांस जी भीती होती, ती तेव्हा निम्मी ओसरली. निम्मी मात्र अजून आहे, कारण पुतण्याचे मित्र आता स्वतःच्या घरी त्यांना न बोलावता यंत्र मागावयास येतात.

रंग किती पातळ करावा, हा नवशिक्याचा पहिला अडसर. यंत्राबरोबर तळाशी छिद्र असलेली एक छोटी वाटी येते. ती रंगाने भरून उचलावी आणि धार तुटून थेंब पडू लागेपर्यंतचे सेकंद मोजावेत. किती सेकंद हवेत ते माहितीपत्रकात दिलेले असते. जाड रंगाचे ठिपके उडतात व पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. फार पातळ झाला की ओघळ येतात. तोटी वस्तूपासून सुमारे वीत-सव्वा वीत दूर आणि सरळ समोर असावी. मनगट न वळविता सारा हात समांतर सरकवावा, हात सरकू लागल्यावर घोडा दाबावा, आणि प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. पहिला प्रयोग जुन्या पुठ्ठ्यावर करावा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणून अंगणातले काम सकाळीच आटोपलेले बरे.

येथवर सारे सुखाचे झाले. पण याच यंत्राने आमच्या घरात एक पेचही उभा केला, आणि तो सांगण्यासाठीच खरे तर लेखणी हाती घेतली.

धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे गाव लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कृष्णलीला, रामायणातले प्रसंग असे हाताने चितारलेले, लाखेच्या रंगांत चमकणारे हे पाळणे पिढ्यान् पिढ्या टिकतात. कन्नड चित्रपट-अभिनेते अंबरीश यांनी २०१८ साली, मृत्यूपूर्वी, अभिनेते यश यांच्या होणाऱ्या बाळासाठी असाच पाळणा सांगून ठेवला होता, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. आमच्या माळ्यावरही असा एक पाळणा आहे. फार पूर्वी कोणी तरी त्यावर निळा ऑइल पेंट फासून टाकला. पुतणी बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा पुतण्याने सुचविले की कोरडाच घासून वर पांढऱ्या रंगाचा फवारा मारू, सुरेख दिसेल. थोरल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, त्या निळ्याखाली गोकुळ आहे."

आम्ही नकार दिला तो मात्र केवळ गोकुळासाठी नव्हे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा दाट संभव असतो. घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर आपल्या दारा-खिडक्यांवर अजून तसेच आहेत. ते कोरडे घासले की धूळ उडते, ती धूळ रांगत्या मुलाच्या हाताला लागते, आणि हात तोंडात जातो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला जी हानी होते ती भरून येत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. तुप्पिल व्यंकटेश यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. शिवाय दात येऊ लागलेले मूल पाळण्याची कड चावणारच. वरून नवा रंग दिला म्हणजे खालचे विष नाहीसे होत नाही.

पुतण्या दोन दिवस रुसला. बाळ सुती झोळीत वाढले. बारशाच्या दिवशी मात्र वहिनींच्या आग्रहाखातर पाळणा खाली उतरविला, ओल्या फडक्याने पुसला, कडांना जाड कापड गुंडाळले, आत दुलई घातली आणि घटकाभर बाळाला त्यात ठेवून नाव ठेवले. निळा थर काढताना गोकुळ राहील काय, हे कलघटगीच्या कारागिराला दाखवून ठरवावयाचे आहे. तोवर पाळण्याला काचकागदही लागणार नाही आणि फवाराही.

जुन्या रंगाच्या ज्या दारांना घासावेच लागते, ती पाणी लावून ओलीच घासावीत, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या वेळी दूर पाठवावे, आणि चिखल झाडून न काढता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

फवारताना नाकाला रुमाल बांधणे हे समाधानापुरते आहे. थिनरची वाफ रुमालातून सहज जाते. कोळशाचा गाळणीडबा असलेला मुखवटाच हवा. दोन डबे मिसळून लावावयाचे जे कडक पॉलिश असते, त्याच्या कडककारक द्रव्याने दमा जडू शकतो. ते घरी फवारूच नये. आणि थिनरचा रंग असेल तेव्हा स्वयंपाकघरातील शेगडी, देवघरातील समई, पाहणाऱ्याची विडी, सारे विझलेले असावे. मोटारीतही ठिणगी असतेच; म्हणून कोणता रंग चालतो ते माहितीपत्रकात पाहूनच यंत्र सुरू करावे.

राहिली सफाई. काम संपताच, चहालाही न थांबता, डबा रिकामा करून पाण्याच्या रंगासाठी पाणी आणि तेलाच्या रंगासाठी योग्य ते द्रावण, स्वच्छ निघेपर्यंत फवारावे. नंतर प्लग काढून तोटी व सुई सुटी करावी आणि मऊ ब्रशाने धुवावी. मळलेले थिनर गटारात ओतू नये. बाटलीत ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पुढच्या धुण्यास चालते.